रेपो एका रात्रीचा, कर्ज वीस वर्षांचं

६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना अगदी थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर, अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० वर आणला. बहुतेकांनी पाव टक्का धरला होता, म्हणजे कपात अपेक्षेच्या दुप्पट. तरी केंद्र सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा, म्हणजे सरकारच्या लांब मुदतीच्या कर्जाचा, दर खाली यायचं सोडून वर सरकत राहिला आणि ऑगस्टअखेर ६.६ टक्क्यांच्या आसपास पोचला. त्याच काळात रेपोशी बांधलेली गृहकर्जं अर्ध्या टक्क्याने स्वस्त झाली, स्टेट बँकेने बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आणला, आणि पीपीएफ ७.१ टक्क्यांवर होता तिथून तसूभरही हलला नाही.

पतधोरणाच्या दिवशी सकाळी दहा वाजता गव्हर्नर बोलायला लागतात. साडेदहापर्यंत टीव्हीवर ‘कर्ज स्वस्त’ची पट्टी फिरायला लागते आणि दुपारपर्यंत बडोद्यात दांडिया बझारातल्या पेन्शनरांपासून मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या शेडवाल्यांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: आपला दर कधी बदलणार? सरसकट उत्तर देताच येत नाही, कारण रेपो हा फक्त अगदी थोड्या मुदतीच्या पैशाचा भाव आहे. बाकीचे दर त्याला कुठे कराराने, कुठे अंदाजाने, कुठे नुसत्या सरकारी अधिसूचनेने जोडलेले असतात. उत्तरायणाला बडोद्याच्या गच्चीवर उभं राहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको. जवळचा पतंग मनगटाच्या झटक्याबरोबर वळतो; लांब गेलेल्या पतंगाचा ढिला मांजा आधी ताणावा लागतो, आणि तिथं वरचा वाराही वेगळाच असतो.

सगळ्यात जवळचा पतंग म्हणजे बँकांचा आपसातला रात्रीचा बाजार. रेपोत बँक आपल्याकडचे सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला विकते आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या किमतीला परत घेते. दोन किमतींतला फरक म्हणजे व्याज. ५.२५ टक्क्यांनी १०० कोटी एका रात्रीसाठी उचलले, तर सकाळी वर १,४३,८३६ रुपये द्यायचे. हल्ली हे पैसे बहुतेक लिलावाने मिळतात, एका रात्रीपासून काही दिवसांपर्यंत. रेपोच्या पाव टक्का खाली ‘एसडीएफ’ आहे, म्हणजे जास्तीचा पैसा बँकेने रिझर्व्ह बँकेत ठेवण्याचा दर. ही सोय ८ एप्रिल २०२२ पासून आहे आणि तिच्यात रिझर्व्ह बँकेला तारण म्हणून रोखे द्यावे लागत नाहीत. पाव टक्का वर ‘एमएसएफ’, म्हणजे अडीनडीला उचलण्याचा दर. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ झाला तेव्हा हे दोन दर ५.०० आणि ५.५० झाले. रिझर्व्ह बँकेतच पाच टक्के मिळत असतील तर कोणती बँक दुसरीला त्याहून कमीत पैसे देईल? आणि रोखे हातात असताना साडेपाचाच्या वर कोण उचलेल? म्हणून कॉल मनीचा, म्हणजे बँकांच्या आपसातल्या या रात्रीच्या उसनवारीचा, दर या अर्ध्या टक्क्याच्या पट्ट्यात खेळतो.

पट्ट्यात नेमका कुठे, हे मात्र रेपो ठरवत नाही. ते ठरवते बँकिंग व्यवस्थेतली रोकड. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला कंपन्या आगाऊ कर भरतात, दर महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास जीएसटी जातो. तो पैसा बँकांतून निघून सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात बसतो आणि सरकार खर्च करेपर्यंत बाहेर येत नाही. दिवाळीत लोक नोटा काढून घरी ठेवतात, तेव्हाही बँकांकडचा पैसा आटतो. रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकते, तेव्हा बदल्यात रुपये शोषले जातात. जानेवारी २०२५ मध्ये ही तूट ३ लाख कोटी रुपयांच्या वर गेली होती. जाहीर रेपो ६.५० होता, पण बँकांना रात्रीचा पैसा त्याहून महाग पडत होता. त्या वेळी रेपो पाव टक्क्याने उतरवणं आणि रोकड न सोडणं म्हणजे पाण्याचा दर कमी करून नळाला पाणी न सोडणं. म्हणून पुढे रोख राखीव प्रमाण (सीआरआर), म्हणजे ठेवींपैकी बँकेला रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागणारा हिस्सा, ४ टक्क्यांवरून ३ वर आणलं गेलं. ६ सप्टेंबर ते २९ नोव्हेंबर २०२५ दरम्यान पाव-पाव टक्क्याचे चार टप्पे झाले आणि बँकांच्या हाती सुमारे अडीच लाख कोटी मोकळे झाले. माझ्या मते त्या वर्षी कर्जदारांसाठी ही बातमी निम्म्या रेपो कपातींपेक्षा मोठी होती, आणि तिच्यावर सगळ्यांत कमी बोललं गेलं.

याची उलटी बाजू १५ जुलै २०१३ ला दिसली. रुपया घसरत होता. रिझर्व्ह बँकेने रेपोला हातही लावला नाही, तो ७.२५ वरच राहिला. पण एमएसएफ ८.२५ वरून १०.२५ वर नेला आणि बँकांना रेपोवर मिळणाऱ्या पैशाला मर्यादा घातली. मग बँकांना पैसा मिळणार तो वरच्या दरानेच. थोड्या मुदतीचे दर दहा टक्क्यांच्या पार गेले, दहा वर्षांच्या रोख्यांपेक्षाही वर. रेपो तिथल्या तिथे, बाजार दुसरीकडेच. त्यामुळे पतधोरण वाचताना रेपोच्या आकड्याइतकंच महत्त्व एका साध्या गोष्टीला द्यावं. रिझर्व्ह बँक रोज सकाळी आदल्या दिवसाचा मुद्रा बाजाराचा तक्ता प्रसिद्ध करते. त्यात कॉल मनीचा भारित सरासरी दर असतो. तो रेपोच्या खाली आहे की वर, एवढं पाहिलं तरी बँकांकडे पैसा खेळतोय की चणचण आहे ते कळतं.

तीन महिन्यांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचं थोड्या मुदतीचं कर्ज, अजून या रात्रीच्या दराच्या हाताशी असतं. दर बुधवारी ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या बिलांचा लिलाव होतो. बिलावर व्याज नसतं, ते १०० पेक्षा कमी किमतीत मिळतं आणि मुदतीला पूर्ण १०० मिळतात. ९१ दिवसांचं बिल ९८.७० ला मिळालं तर १.३० भागिले ९८.७०, गुणिले ३६५ भागिले ९१, म्हणजे सुमारे ५.२८ टक्के. ९८.५० ला मिळालं तर ६.११. किमतीतल्या वीस पैशांनी दर पाऊण टक्क्याहून जास्त हलतो, हे हाताने एकदा करून पाहण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ संकेतस्थळावर दहा हजारांपासून हे घेता येतं, त्यामुळे एफडीशी तुलना करायला तयार माप मिळतं.

दहा वर्षांच्या रोख्यांचं गणित वेगळं. ते घेणारा मनात असा हिशेब करतो: दहा वर्षं रोज रात्री पैसे फिरवत राहिलो तर सरासरी काय मिळेल? त्यावर, पैसा इतका काळ अडकवल्याबद्दल, थोडा मोबदला. समजा पहिली दोन वर्षं रात्रीचा दर ५.२५ राहील आणि पुढची आठ वर्षं ६ राहील असा अंदाज आहे. सरासरी ५.८५ आली. वर पाऊण टक्का मोबदला धरला तर ६.६०. आता आज पाव टक्का कपात झाली, म्हणजे पहिली दोन वर्षं ५.००, पण त्याबरोबर असं वाटायला लागलं की महागाई वाढेल आणि पुढची आठ वर्षं दर ६.२५ असेल. सरासरी झाली ६.००, रोख्याचा दर ६.७५. आजचा दर उतरला आणि दहा वर्षांचा चढला. जून २०२५ मध्ये साधारण हेच घडलं: कपातीबरोबर रिझर्व्ह बँकेने आपला पवित्रा ‘अनुकूल’वरून ‘तटस्थ’ केला, आणि बाजाराने अर्थ काढला की आता आणखी फारसं उतरणार नाही. वर केंद्र आणि राज्यं दोघांचीही कर्जरोख्यांची रांग लागलेली असतेच. विकणारे जास्त झाले की किंमत पडते, आणि रोख्यावरचं व्याज आधीच ठरलेलं असल्याने त्याची किंमत पडणं म्हणजेच त्याचा दर चढणं.

‘दर उतरणार’ ऐकून लाँग ड्युरेशनच्या गिल्ट फंडात, म्हणजे लांब मुदतीचे सरकारी रोखे घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, पैसे टाकणाऱ्यांचा इथंच घोटाळा होतो. दहा वर्षांच्या रोख्याची किंमत, दर एक टक्क्याने वाढला तर, साधारण सात टक्क्यांनी पडते. ०.३० टक्के वाढ म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त घट, तीही रेपो उतरत असताना. रेपो पाहून ज्यांना काही करायचंच आहे त्यांनी अगदी थोड्या मुदतीचे कागद घेणाऱ्या लिक्विड फंडाचा परतावा तपासावा, तो खरोखर रेपोच्या मागे जातो. आणि निवृत्तीला अॅन्युइटी, म्हणजे एकरकमी पैशावर विमा कंपनीकडून मिळणारी पेन्शन, घ्यायची असेल तर रेपो विसरून लांब मुदतीच्या रोख्यांचा दर पाहावा. विमा कंपनी तुमचा पैसा त्याच रोख्यांत गुंतवते.

पोस्टाच्या योजनांबद्दल फार लिहायची गरज नाही. श्यामला गोपीनाथ समितीच्या २०११ च्या शिफारशींत या दरांना सरकारी रोख्यांच्या दराशी जोडणारं सूत्र होतं, आणि एप्रिल २०१६ पासून दर तिमाहीला फेरविचार होतो. पण अखेरचा शब्द अर्थ मंत्रालयाचा. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे. त्यानंतर रेपो ४.०० झाला, ६.५० झाला, पुन्हा ५.२५ झाला, पीपीएफ जागचा हलला नाही. ३१ मार्च २०२१ ला सरकारने या योजनांचे दर उतरवणारा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतला. असे दर अर्थशास्त्राच्या सूत्रात बसवायला जाऊ नये.

मुदत ठेवींचा दर रेपोच्या मागे जातो, पण रेंगाळत. बँकेने दर उतरवला तरी तो फक्त नव्या आणि नूतनीकरण होणाऱ्या ठेवींना लागू होतो. वर्षभरापूर्वी ७.२५ ने घेतलेली ठेव मुदत संपेपर्यंत ७.२५ नेच पोसावी लागते. दुसरीकडे रेपोशी जोडलेलं कर्ज तीन महिन्यांच्या आत स्वस्त करावं लागतं. उत्पन्न लगेच घटतं आणि खर्च वर्षभराने, म्हणून दर उतरायला लागले की बँका आधी बचत खात्याचा दर कापतात, कारण तिथं मुदतीचं बंधन नसतं. कर्जाची मागणी ठेवींपेक्षा वेगाने वाढत असेल तर एफडीचे दर रेपोला न जुमानता वर राहतात. ४४४ दिवसांसारख्या आडव्या मुदतींना जास्त दर दिसतो, तो बँकेला नेमक्या त्या मुदतीचा पैसा हवा असतो म्हणून. ती ठेव आपोआप नूतनीकरणाला लावून विसरलात, तर नूतनीकरण त्या दिवशीच्या दराने होतं, जुन्या नाही.

व्याजावर घर चालतं त्यांनी सगळी रक्कम एकाच तारखेला पिकणारी ठेवू नये. दहा लाख असतील तर दोन-दोन लाखांच्या पाच पावत्या करून एक ते पाच वर्षं अशा मुदती द्याव्यात, आणि जी पिकेल ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवावी. मग दर पडला तरी एका वर्षी पाचवा हिस्साच कमी दराने जातो. पाच पावत्यांचा दुसरा फायदा असा की अचानक गरज पडली तर एकच मोडावी लागते. मोडताना करारातला दर मिळत नाही, जितके दिवस ठेव राहिली तितक्या मुदतीचा दर मिळतो आणि वर दंड. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के एप्रिल २०२३ पासून आहेत, कमाल ३० लाख. खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं पक्का राहतो. आधी ती मर्यादा भरावी, उरलेल्या रकमेच्या पावत्या कराव्यात.

आता कर्जाकडे. इथं नातं कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून इथं सगळ्यांत जास्त करता येतं आणि इथंच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घर, गाडी अशी फिरत्या दराची नवी किरकोळ कर्जं आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची कर्जं बाहेरच्या मापदंडाशी जोडणं बंधनकारक आहे. बहुतेक बँकांनी रेपो घेतला. त्याआधीची, एप्रिल २०१६ नंतरची कर्जं एमसीएलआरवर आहेत. एमसीएलआर बँकेच्या स्वतःच्या नव्या ठेवींच्या खर्चावर ठरतो, त्यामुळे तो आधी हळूहळू उतरतो आणि मग तुमचा वार्षिक रीसेट, म्हणजे कर्जाचा दर नव्याने ठरण्याची तारीख, आली की लागू होतो. गृहवित्त कंपन्यांना आणि सहकारी बँकांना रेपोची सक्ती नाही. तिथलं कर्ज असेल तर पतधोरणाची बातमी तुमच्यासाठी अप्रत्यक्षच.

रेपोवरच्या कर्जाचा दर म्हणजे रेपो अधिक ‘स्प्रेड’, म्हणजे बँक त्यावर स्वतः लावते ती टक्केवारी. मंजुरीपत्रात हे दोन आकडे वेगळे लिहिलेले असतात, ते आधी शोधा. ५.२५ अधिक २.६५ म्हणजे ७.९०. रेपो आपल्या हातात नाही. स्प्रेड निदान बोलून पाहण्यासारखा आहे. त्यातला जोखमीचा भाग बँक तुमची पत खरोखर बदलली तरच बदलू शकते, आणि बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदा. १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी ते तीन वर्षांच्या आतही कमी करायची बँकांना मुभा आहे. नव्या ग्राहकाला २.१५ स्प्रेड देणारी शाखा जुन्याकडून २.६५ घेत असते. २८ लाख बाकीवर हा अर्धा टक्का पहिल्या वर्षीच सुमारे १४,००० रुपये होतो. शाखेत रूपांतर शुल्क, म्हणजे त्याच बँकेत कमी स्प्रेडवर जाण्याची फी, विचारा. काही हजार असेल तर काही महिन्यांत वसूल होतं. दुसऱ्या बँकेत कर्ज नेण्याआधी मात्र प्रोसेसिंग फी, वकिलाचा टायटल रिपोर्ट आणि गहाणाची स्टँप ड्यूटी धरून हिशेब करा. पुष्कळदा फायदा तिथंच संपतो.

दर वाढतात तेव्हा काय होतं ते आकड्यांनीच पाहावं. रेपो ४.०० असताना कोणी ३० लाख, २० वर्षांसाठी, २.७५ स्प्रेडने घेतले. दर ६.७५, हप्ता २२,८११. दीड वर्षाने बाकी उरली सुमारे २८.८८ लाख. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो अडीच टक्क्यांनी वाढून ६.५० झाला. सोयीसाठी ही वाढ एकदम धरली तर दर ९.२५ होतो आणि महिन्याचं व्याजच सुमारे २२,२६० होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात जेमतेम ५५० रुपये. राहिलेले २२२ हप्ते वाढून होतात सुमारे ४८५, म्हणजे तिथून पुढे चाळीस वर्षं. मूळ मुदत राखायची तर हप्ता २७,२०९ करावा लागतो, ४,३९८ ने जास्त. घरखर्चाला ताण पडतो हे खरं, तरी मला दुसरा मार्गच योग्य वाटतो. हप्ता न वाढल्याने दिलासा वाटतो आणि आतल्या आत मुद्दल जागच्या जागी बसून राहतं.

ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्हीचा मेळ यांतून निवडू द्यायला सांगितलं आहे. मुदत कितीही ताणली तरी हप्ता व्याजाहून कमी पडता कामा नये, हेही त्यात आहे. पण कर्जदाराने काही कळवलं नाही तर बँका बहुधा मुदतीला हात लावतात. आणि दर उतरताना हप्ता तोच राहून मुदत कमी होते, ते चांगलंच. ‘हप्ता कमी करा’ म्हणून घाईने अर्ज देऊ नये.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) कॅश क्रेडिटवाल्यांसाठी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं कर्ज उचलणाऱ्यांसाठी, प्रमाण थोडं वेगळं आहे. ४० लाखांच्या लिमिटमध्ये सरासरी ३० लाख वापरात असतील तर रेपोच्या पाव टक्क्याने वर्षाला ७,५०० रुपये वाचतात. १० लाखांचं एक बिल ४५ दिवस उशिरा वसूल झालं तर ९ टक्क्यांनी सुमारे ११,१०० जातात. पाव टक्क्यासाठी बँकेत खेटे घालण्यापेक्षा आधी उधारीची यादी काढावी. इथंही रिझर्व्ह बँकेचा दर कामाला येतो. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे, करारात जास्त मुदत लिहिलेली असली तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. बँक रेट हा रिझर्व्ह बँकेचाच आणखी एक जाहीर दर, तो २०१२ पासून एमएसएफबरोबर चालतो. तो ५.५० असेल तर हे व्याज १६.५० टक्के. रेपो पाव टक्का हलला की हा दर पाऊण टक्का हलतो. ‘उद्यम’ या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक बिलावर छापलेला असू द्या.

कर्जाच्या स्टेटमेंटवर शेवटच्या रीसेटची तारीख, त्या दिवशी धरलेला रेपो आणि स्प्रेड हे तीन आकडे शोधा. बेरीज लावलेल्या दराशी जुळते का पाहा. धरलेला रेपो जुना असेल तर पुढची तारीख मोजा, तीन महिन्यांपेक्षा लांब असू शकत नाही. मग शाखाधिकाऱ्यांच्या नावे एका पानाचं पत्र द्या: स्प्रेडचे घटक वेगवेगळे कळवावेत, नव्या ग्राहकाचा स्प्रेड काय आहे ते सांगावं, रूपांतर शुल्क किती ते लिहावं, आणि दर बदलल्यास हप्ता व मुदत यांपैकी काय बदलायचं याची आपली निवड. रीसेटच्या आठ दिवस आधी ते पोचलेलं असावं, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेऊनच शाखेतून बाहेर पडावं.